देण्याघेण्याच्या साड्या

"धुळीला बसायला जागाच ठेवू नका," बावधनचे डॉक्टर म्हणाले, आणि घोटावड्याला पोचेपर्यंत स्कूटरवर मी ते वाक्य मनात घोळवत राहिले. ओवी माझ्या आणि गोरखच्या मध्ये बसली होती. माझा पंजा तिच्या पाठीवर होता. तीन वर्षांच्या मुलीची पाठ एका पंजात मावते, आणि आत श्वास कसा चाललाय ते कानांआधी बोटांना कळतं. सहा महिन्यांत तिला तीनदा धाप लागली होती. तिसऱ्यांदा दवाखान्यात ठेवावं लागलं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, आणि मग मूल रडायचं थांबतं, कारण रडायलाही हवा लागते. हे एकदा पाहिलेल्या आईला 'उगाच घाबरतेस' असं कुणी म्हणू नये.

डॉक्टरांचं बाकीचं म्हणणं सोपं होतं. मऊ खेळणी नकोत, जाड पडदे नकोत, गालिचा नको, मूल झोपतं त्या खोलीत काही भरून ठेवायचं नाही. सामान जितकं कमी तितकं बरं. गोरख ऑफिसच्या मीटिंगमध्ये हलवत असेल तशी मान हलवत होता. मी त्याच संध्याकाळी ओवीच्या उंचीचा टेडी काखेत मारून ओसरीत नेऊन ठेवला.

माझं शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं. हिंजवडीतल्या माझ्या आधीच्या नोकरीत त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, भीती वाटायला मात्र रोज होतो. उशीच्या अभ्र्याकडे बघितलं तरी मला त्यातले, धुळीत जगणारे आठ पायांचे सूक्ष्म जीव चालताना दिसतात.

आणि आमचं घर म्हणजे भरलेलं. सासऱ्यांनी हयातीत डोंगराकडची थोडी जमीन प्लॉटिंगवाल्याला दिली, त्यातून हे दोन मजली घर उभं राहिलं, आणि भिंतींचा रंग वाळायच्या आत ते भरायला लागलं. हॉलमध्ये दोन सोफासेट, त्यामुळे चालायचं ते आडवं होऊन. शोकेसमध्ये कधीच न वापरलेले कपबशांचे सेट. प्लॅस्टिकची फुलं. भिंतीवर चार घड्याळं, चारही वास्तुशांतीला आलेली, चारही वेगवेगळी वेळ दाखवणारी. एखादं काढावं म्हटलं तर ते ज्यांनी दिलं ते पाहुणे नेमके आले तर?

सासूबाईंना, म्हणजे साळूबाईंना, मी आत्या म्हणते. टेडी ओसरीत पाहून त्या पहिल्यांदा हसल्या. पडदे निघाले तेव्हा गप्प झाल्या. गालिचा गुंडाळला तेव्हा म्हणाल्या, "काय गं, जप्ती आलीया का आपल्याकडं?"

"ओवीसाठी, आत्या."

"आमी मोकळ्याच घरात जल्मलो. दोन पातेली आन एक घोंगडं. हौस न्हवती ती."

पंधरा दिवसांत आमच्या खोलीतून ड्रेसिंग टेबल गेलं, भिंतीवरच्या फ्रेमा गेल्या, माझे निम्म्याहून जास्त कपडे गेले. गोरख दारात उभा राहून म्हणाला, "रोहिणी, उद्या मलाही काढशील."

"घोरणं थांबलं नाही तर काढीन."

माझी नणंद प्रियंका बावधनला असते. तिचा फोन आला. "वहिनी, तुम्ही ते मिनिमलिझमचे रील बघता का? ते परदेशातल्या लोकांना ठीक आहे. आपल्याकडे माणसं येतात घरी."

मी रील बघत नव्हते. पण एक कबूल करते. सुरुवात भीतीने केली असली तरी मला ते आवडायला लागलं होतं. झाडू मारायला दोन मिनिटं पुरत. सकाळी काय घालू हा प्रश्न संपला होता. ओवी मोकळ्या फरशीवर इकडून तिकडे पळायची आणि भिंतीला टाळी देऊन परत यायची. आधी त्या खोलीत पळायला जागाच नव्हती, हे मला ती पळायला लागल्यावर कळलं. वस्तू कमी झाल्या की माणूस गरीब दिसतो, असं घरात सगळे न बोलता म्हणत होते. दिसू दे, असं मीही न बोलता म्हणत होते.

राहिला तो दिवाण.

सुताराने तो खोलीतच जोडला होता, त्यामुळे दारातून निघत नव्हता. वर झोपायची फळी, आत पेटी. त्या पेटीत आत्यांच्या सतरंज्या, जुन्या गोधड्या आणि त्यांच्यावर थरांवर थर साड्या. देण्याघेण्याच्या साड्या. आमच्याकडे ही साडी नेसायची नसते. बारशाला, जावळाला, वास्तुशांतीला ती द्यायची असते. जिला मिळते ती तिच्या दिवाणात ठेवते आणि पुढच्या कार्याला पुढे ढकलते. पिशवीतून न काढता, घडी न मोडता. एखादी साडी पाच गावं फिरते आणि तिला अंगाचा वास लागत नाही. अबोली, पोपटी, चिंतामणी, सगळ्यांवर तीच जर. मी ओवीला फरशीवरच्या पातळ गादीवर झोपवत होते, आणि दोन हातांवर तो दिवाण होता.

मी आत्यांना तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "पिशवीतल्या साडीला धूळ कुटली आलीया?" दुसऱ्यांदा मी गठ्ठे माळ्यावर टाकले, तर दुसऱ्या दिवशी ते दिवाणात परत. "उंदीर हायेत वर." तिसऱ्यांदा त्या चिडल्याच.

"रोडवरनं दिवसभर डंपर जात्यात. क्रशरची धूळ घरात येतीया. ती दिसंना व्हय तुला? माझ्या साड्याच दिसत्यात!"

त्यात तथ्य होतं. म्हणून तर मला राग आला.

"डंपर माझ्या हातात नाहीत, आत्या. दिवाण आहे."

 त्या खाली बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "माझं लगीन उसन्या साडीत लागलं. दुसऱ्या दिशी उजाडायला मालकीण दारात. साडी मागाया. म्या परकर-पोलक्यावर मागल्या दारानं साडी दिली तिला. नवी नवरी मी. तवा ठरिवलं, माज्या घरातनं कुणी बाई रिकाम्या हातानं जायाची न्हाई. तुला काय कळायचं ते?"

मला कळलं. खरंच कळलं. पण रात्रंदिवस माझे कान ओवीच्या छातीला लागलेले असायचे, आणि दुसऱ्याचं दुःख कळण्यापुरती जागा माझ्यात फार वेळ राहत नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी आत्या पौडला एका बारशाला गेल्या. जाताना दिवाणातून दोन साड्या काढून नेल्या. मला बरं वाटलं, दोन तरी कमी. दुपारी परतल्या. पिशवी माझ्या हातात दिली. आत तीन साड्या.

"ठिव दिवाणात."

मी वरची साडी बाहेर काढली. पोपटी, काठाला गुलाबी.

"ही तुम्ही नेसणार?"

"म्या कशाला नेसू? देण्याघेण्याची हाय."

"मग कोण नेसणार?"

"कुणीबी न्हाई. असं काय इचारतीस येड्यावानी?"

ओवीचे कागद कापायची कात्री खिडकीत होती. मी साडी पिशवीतून काढली, घडी मोडली, पदराकडून उलगडत शेवटाला गेले. तिथे ब्लाउजपीस जोडलेलं असतं. मी ते कापलं. सरळ नाही आलं, कात्री लहान मुलांची होती.

ब्लाउजपीस कापलेली साडी कुणाला देता येत नाही. हे आमच्या भागातल्या पोरीलाही सांगावं लागत नाही. कापली म्हणजे ती कुणाची तरी झाली. पुढे जाणं संपलं तिचं.

"आता ही नेसावी लागेल," मी म्हणाले.

 आत्या आत गेल्या, चप्पलही न काढता, आणि दिवाणावर जाऊन बसल्या.

बसल्या त्या बसल्याच. चहा तिथे, जेवण तिथे, माळ तिथे. अंघोळीला गेल्या तर दिवाणाच्या फळीवर पाण्याचा भरलेला हंडा ठेवून जायच्या. गोरख रात्री घरी आला, दोन बायकांच्या मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "मी जेवायला बाहेर जाऊ का?"

"अहो, तुम्ही आत्यांना सांगा," मी म्हटलं. खोलीत आम्ही दोघंच असलो की मी त्याला नावाने हाक मारते. त्या दिवशी मात्र आत्या फळीवर होत्या.

"आई, डॉक्टर म्हणाले..."

"डाक्टरच्या आईच्या साड्या हायेत का ह्या?"

दोन दिवस असं चाललं. मीही हटले नाही. ओवीला मजा वाटत होती. आजी तिच्या खोलीत राहायला आली होती.

मंगळवारी सकाळी आत्यांनी माझी अंघोळ होईस्तोवर खोली आवरली. तीन साड्या, त्यात ती कापलेलीही, दिवाणात घातल्या. मला ते नंतर कळलं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला ओवी खेळता खेळता थांबली. भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी स्वयंपाकघरातून तिचा खोकला ऐकला, कोरडा, दोनदा, तिसऱ्यांदा. पळत गेले. पाठीवर पंजा ठेवला. बरगड्या आत जात होत्या.

वाफेचं मशीन मी खिडकीत ठेवत असे, नळी आणि मास्कसकट, औषधाच्या कुप्या शेजारी. डोळे मिटून हात घातला तरी सापडेल असं. हात घातला. कुप्या होत्या. मशीन नव्हतं.

"आत्या, मशीन?"

त्या फळीवरून उठल्या होत्या. ओवीकडे बघत होत्या.

"आत्या! मशीन कुठंय?"

"आत... आत ठिवलंय. खिडकीत धूळ बसंल म्हून. डाक्टर म्हनला न्हवं, धूळ..."

मी ओवीला त्यांच्या मांडीवर बसवलं, सरळ बसवलं, आणि दिवाणाची फळी उचलली. वर गठ्ठे, खाली गठ्ठे. नवी, किमती वस्तू म्हणून त्यांनी ते मशीन मधोमध, सगळ्यात सुरक्षित जागी, साड्यांच्या आणि गोधड्यांच्या मध्ये खोचून ठेवलं होतं. मी साड्या उपसत गेले. प्लॅस्टिकच्या पिशव्या निसटत होत्या, हातातून घसरून परत आत पडत होत्या. अबोली, चिंतामणी, पुन्हा अबोली. मी त्या मागे भिरकावत होते. एक गोधडी ओढली तर उन्हाच्या पट्ट्यात धूळच धूळ उठली, आणि माझ्या मागे ओवीची शिट्टी वाजत होती. श्वासाची शिट्टी. मी त्या वेळी काय बोलत होते मला आठवत नाही. आत्यांनी नंतर गोरखला सांगितलं, मी साड्यांना शिव्या देत होते. आईवरून.

मशीन सापडलं. प्लग, कुपी, मास्क. वाफ सुरू झाली. ओवीचं डोकं आत्यांच्या छातीवर होतं, मास्क मी धरला होता, आणि आम्ही तिघी गुडघ्यापर्यंत साड्यांत. पाच मिनिटांनी नाकपुड्या बसल्या. दहा मिनिटांनी तिने हाताने मास्क ढकलला आणि म्हणाली, "आजी, तू रडतेस?"

"न्हाई गं. वाफ गेली डोळ्यात."

संध्याकाळी डॉक्टरांकडे नेऊन आणलं. छाती साफ होती. परत आलो तर साड्या तशाच फरशीवर. आत्यांनी त्यातली एकही उचलून दिवाणात घातली नाही. मला त्या 'चुकलं' म्हणाल्या नाहीत. मीही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी ती कापलेली पोपटी आत्यांसाठी ठेवून मी बाकी सगळ्या साड्या रिक्षात घालून मन्तशाकडे नेल्या. घोटावड्यातच तिचं फॉल-पिकोचं दुकान आहे. ढीग पाहून तिने मशीनचं चाक हातानेच थांबवलं.

"भाभी, दुकान टाकताय का?"

"सगळ्यांचं ब्लाउजपीस काप. फॉल लाव."

"सगळ्यांचं? अहो, कापलं की संपलं. मग कुणाला देता यायच्या नाहीत."

"म्हणूनच."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सासूबाईंना ठाऊक आहे?"

"त्यांनीच रिक्षात चढवायला हात लावला." हे खोटं होतं. त्या ओसरीत पाठ करून उभ्या होत्या. पण अडवलं नव्हतं, आणि त्या दिवशी मला ते हात लावण्याइतकंच वाटलं.

मन्तशाने त्यातली एक स्वतःसाठी मागून घेतली, शिलाईच्या बदल्यात. बाकीच्या मी नेसणाऱ्या बायकांना दिल्या. आमच्या शेजारी बांधकामावर डोंगरावरच्या वाडीतल्या बायका येतात, त्यांच्यातल्या कमळने दोन्ही हातांनी साडी अंगाला लावून बघितली आणि विचारलं, "कशापायी देताय? कुनी गेलं का घरातलं?"

"नाही. नेसायला देतेय. पुढं कुणाला द्यायची नाही, एवढंच."

"फॉल लावलेली कोन घेतंय पुढं?" ती हसली. "उद्याच नेसून येते. शिमिट लागलं तर लागलं."

भावकीत बोलणी सुरू झाली. गोरखची नोकरी गेली म्हणे. सून घर विकायला बसली म्हणे. प्रियंकाने फोनवर विचारलंही, "वहिनी, काही अडचण असेल तर सांगा." मी म्हटलं, अडचण होती, ती मन्तशाकडे नेऊन टाकली. यानंतर ओवीला धाप लागलीच नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. महिनाभराने पुन्हा एकदा लागली, कमी, पण लागली. तेव्हा लोक म्हणालेच, बघा, साड्या गेल्या तरी दम्याला काही फरक नाही. डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही कशामुळे लागते. मला खात्री नको आहे. मशीन खिडकीत आहे आणि खिडकीपर्यंत जाताना पायात काही येत नाही, एवढं मला पुरे. एकही वस्तू मी परत आत आणली नाही.

मग हैबतरावांच्या नातवाचं जावळ आलं. हैबतराव आमच्या भावकीतले, त्यांच्याकडे न जाऊन चालणार नव्हतं, आणि द्यायला आमच्या घरात एकही साडी नव्हती. आत्या सकाळपासून आतबाहेर करत होत्या.

"आणू का एखादी विकत?" मी विचारलं. त्या हो म्हणाल्या असत्या तर मी आणली असती, आणि मग सगळं पुन्हा सुरू झालं असतं.

"नगं," त्या म्हणाल्या. "आपल्या इंद्रायणीची पिशवी भर. पाच किलो. नवा तांदूळ हाय."

त्या दिवशी त्या ती मी कापलेली पोपटी साडी नेसल्या. जरा कडक होती, चालताना आवाज करत होती.

हैबतरावांच्या अंगणात मांडव होता. त्यांच्या पत्नी, गंगूबाई, दारात कुंकू लावत होत्या. त्यांनी आधी आमच्या हातांकडे पाहिलं, मग तांदळाच्या पिशवीकडे.

"तांदूळ?" त्या मोठ्याने म्हणाल्या, मागच्या बायकांना ऐकू जाईल असं. "आमच्यात काय दुस्काळ पडलाय व्हय, साळूबाई?"

"शिजीव आन खा. पोराला पेज कर. लई वास सुटतुया," आत्या म्हणाल्या.

"आन ही काय नेसलीस गं? ही तर देण्याघेण्यातली दिसतीया."

"दिली कुणीतरी. म्या नेसले."

कुणीतरी पदरात हसलं. ओवी माझ्या कडेवर होती, मी सवयीने तिच्या पाठीवर पंजा ठेवला. श्वास नीट होता. मी मान वर केली.

न्हाव्याचं काम आटोपलं, पोराचं गोटा केलेलं डोकं सगळ्यांनी चोळून बघितलं, आणि गंगूबाई ताट घेऊन निघाल्या. ताटात साड्यांचा थर. एकेकीला कुंकू, एकेकीला साडी. आमच्यापर्यंत आल्या. वरची साडी उचलून आत्यांच्या मांडीवर ठेवायला वाकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तुम्ही नाही दिलीत तरी आम्ही देतो. साडी घेतली की आम्ही खाली, आणि नाही घेतली तरी आम्हीच खाली. मी आत्यांकडे पाहिलं. परकर-पोलक्यावर मागच्या दाराशी उभी असलेली ती नवरी मला एकदम दिसली, आणि मला वाटलं, घेतील. घेतली तर मी काही बोलणार नव्हते.

आत्यांनी हात पुढे करून साडी थांबवली.

"नगं, गंगू. घरात जागा न्हाई."

"येवढ्या दोन मजल्यात जागा न्हाई?"

"न्हाई."

गोधड्याही गेल्यापासून दिवाण रिकामा पडला होता. त्यात ओवी हल्ली लपाछपीला बसायची. त्यांनी हे ओवीसाठी केलं, की परत द्यायला काही नाही म्हणून मानाने टाळलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

गंगूबाई ताट धरून तशाच उभ्या. "तुझं बी नगं?" त्यांनी मला विचारलं.

"माझंही नको, काकू. राग मानू नका."

"राग न्हाई तर काय मानू?" त्यांनी साडी परत थरावर आपटली. "मग जेवून तरी जाताय, का पोटातबी जागा न्हाई सासू-सुनंच्या?"

"पोटात लई जागा हाय," आत्या म्हणाल्या आणि सरकून पंगतीत बसल्या. पोपटी साडी कुरकुरली. "वाढ की. आन पुरणपोळीवर तूप सोडताना हात आखडू नगंस."

मागे कुणीतरी खळखळून हसलं, या वेळी उघड. गंगूबाईंनाही हसू आवरेना, त्या तोंड फिरवून वाढप्यांवर ओरडल्या. मी आत्यांच्या शेजारी मांडी घातली, ओवीला पुढ्यात घेतलं. समोरच्या पंगतीतल्या बायका आमच्याकडे बघत होत्या, त्यांच्या मांड्यांवर नव्या साड्यांच्या पिशव्या होत्या आणि त्या सांभाळत त्यांना नीट जेवता येत नव्हतं. आमचे चारही हात मोकळे होते. मी पोळी मोडली.